पन्नास हर्ट्झचे गृहस्थ

या गृहस्थांच्या घराची बेल वाजवायची नसते. दारावर ‘रेकॉर्डिंग चालू आहे, बेल वाजवू नये’ अशी पाटी आहे, आणि घर पुण्यात असल्यामुळे तिच्याखाली ‘चालू नसले तरी वाजवू नये’ अशी दुसरी. फोन करावा तर तो कायम एअरप्लेन मोडवर. त्यामुळे दूधवाल्यापासून सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभं राहून ‘वहिनीऽ’ अशी हाक मारायची, असा रिवाज पडला आहे. त्या हाकेनं रेकॉर्डिंग बिघडत नाही, कारण आत रेकॉर्डिंग चालू नसतंच. आत आवाज शोधणं चालू असतं.

तुमच्याही ओळखीत असे एक जण असतील. २०२०च्या टाळेबंदीत घरगुती स्टुडिओवाल्यांची जी जमात उगवली, त्यातले हे. वय पंचेचाळीस ते पासष्ट, नोकरी बँकेत किंवा कॉम्प्युटरवर, तरुणपणी भावगीत स्पर्धेत उत्तेजनार्थ. टाळेबंदीत घरात एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि दोन स्पीकर आले. मुलाच्या अभ्यासाची खोली गेली; मुलगा बंगळुरात असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. भिंतींवर आईच्या हातच्या गोधड्या टांगल्या. हे मात्र शहाणपणाचं झालं. खोलीतला घुमारा गोधडीनं खरोखर कमी होतो. तीन पिढ्या शाकाहारी असलेल्या त्या घराच्या छताला भुर्जीच्या गाडीवरून मागून आणलेले अंड्यांचे ट्रे चिकटवले, ते उगीच. अंड्यांच्या ट्रेनं बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. सासूबाई तेवढ्या यायच्या थांबल्या.

मांडामांड झाली, हेडफोन चढला, गृहस्थ माइकसमोर बसले आणि तोंड उघडायच्या आधीच कानात सूर लागला : घुंऽऽ. त्यांच्यातला गायक तिथंच उठून गेला. मागं राहिले ते हे गृहस्थ.

ही घुंई काय असते ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. ती चुकून ऑडिओच्या वायरीत झिरपली की ५० हर्ट्झचा सूर लागतो. पट्टी पांढरी पाचच्या किंचित वर, काळी चारच्या खाली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथले स्टुडिओ काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठेतरी घुमतात. शिवाय हा सूर एकटा येत नाही. ५०च्या मागोमाग १००, १५०, २००, २५० येतात. ५०ला षड्ज धरला तर १५०वर पंचम लागतो आणि २५०वर गंधार. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ऐकू यावा म्हणून लोक वर्षानुवर्षं कान तयार करतात. यांना तो भिंतीतल्या सॉकेटमधून मिळाला. त्यांच्या आत्या एकदा हौसेनं अभंग म्हणायला बसल्या. डोळे मिटून क्षणभर ऐकलं आणि म्हणाल्या, “तानपुरा छान लागलाय रे.” तानपुरा लावलेला नव्हता.

गृहस्थांना आवाजांच्या जाती पाठ आहेत आणि त्या तोंडानं करूनही दाखवता येतात. ‘टर्र-टर्र-टर्र’ म्हणजे जवळ कुठंतरी टूजीचा मोबाइल आहे. तो टॉवरशी बोलतो ते सलग नाही, सेकंदाला सुमारे २१७ हप्त्यांत, आणि ते हप्ते स्पीकरच्या वायरीत शिरतात. ‘चींऽऽ’ हा माउस हलवला की चढतो-उतरतो. ती कॉम्प्युटरच्या पोटातल्या विजेची खळबळ, यूएसबीतून बाहेर आलेली. ‘टक्, पुट्’ची जात वेगळी. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढं पाठवतो. साठा १२८ सॅम्पलचा ठेवला तर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशेबानं तो तीन मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात वाय-फायचा ड्रायव्हर मधे घुसला, तर पुढचा साठा वेळेवर पोचत नाही आणि टक्. साठा ५१२ करावा, वाय-फाय बंद करावं, बहुधा मिटतं. हे सगळं ते पाहुण्यांना अभिनयासह सांगतात. “लग्न ठरलं तेव्हा यमन म्हणून दाखवला होता,” वहिनी पोहे देता देता म्हणतात, “आता टर्र म्हणून दाखवतात.”

इतकं ज्ञान असलेला माणूस घुंई तासाभरात काढेल असं आपल्याला वाटतं. पण ज्ञान आणि शोध यांचा संबंध नसतो, हेच तर या जातीचं वैशिष्ट्य. सगळ्या वायरी उपटून एकेक लावत जायची आणि कुठली लावल्यावर आवाज येतो ते बघायचं, ही रीत त्यांना पोरकट वाटते. ते आधी संशयित ठरवतात. पहिला संशय घरातल्या बायकांच्या वस्तूंवर.

“अगं, तो मिक्सर!”

“अहो, मिक्सर कपाटात आहे.”

“मग फ्रिज!”

फ्रिज बंद. घुंऽऽ. पंख्याचा रेग्युलेटर बंद. घुंऽऽ. ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, देवघरातली दिव्यांची माळ बंद. अंधारात, उकाड्यात, विरजण आंबट होत असताना गृहस्थ हेडफोन लावून बसलेले, आणि घुंऽऽ. मग लिफ्टच्या मोटरीवर संशय, मग वरच्या मजल्यावर. मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून खरेदी. प्रत्येक वायरीच्या गळ्यात फेराइटचा मणी आला. फेराइट रेडिओच्या पट्टीतला गोंगाट अडवतं. ५० हर्ट्झ त्याच्या अंगावरून निवांत निघून जातो. पण मणी बांधल्याचं समाधान वेगळंच.

शेवटी वायरमन आला. त्यानं बोर्ड उघडून टेस्टर लावला, इमारतीला एक चक्कर मारली आणि सांगितलं, “साहेब, अर्थिंग कच्चं आहे. खड्डा सुकलाय.” इमारत जुनी, पंपाच्या खोलीमागं कोळसा आणि मीठ भरलेला अर्थिंगचा खड्डा आहे, हे सोसायटी विसरून गेली होती. मे महिना होता. माती कोरडी पडली की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी ओतायचं असतं. गृहस्थ रोज पहाटे दोन बादल्या घेऊन तिथं जाऊ लागले. सोसायटीत टँकरचं पाणी चालू होतं. तिसऱ्या दिवशी चेअरमननी गाठलं.

“काय लावलंय तिथं?”

“काही लावलेलं नाही. अर्थिंगला पाणी घालतोय.”

“कोणाला?”

“जमिनीला. मीठ पण घातलंय.”

चेअरमननी दोन पावलं मागं सरकून वहिनींच्या खिडकीकडं पाहिलं. त्या महिन्याच्या मीटिंगच्या इतिवृत्तात ‘सभासदांनी आवारात वैयक्तिक विधी करू नयेत’ असा ठराव आहे. सगळ्या इमारतीचं अर्थिंग त्या बादल्यांनी सुधारलं, याची नोंद मात्र कुठंच नाही. मला विचाराल तर या माणसानं केलेलं हे एकमेव सार्वजनिक काम, आणि तेच त्याच्या अंगाशी आलं.

घुंई काढली भाचीनं. सुट्टीत आलेली, कॉलेजातली मुलगी. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “मामा, चार्जर काढ ना एकदा.” लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि खोली एकदम गप्प झाली. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर होता, स्पीकर दाराजवळच्या दुसऱ्या बोर्डावर. दोघांचं अर्थिंग जमिनीकडं वेगवेगळ्या वाटांनी जातं, त्या वाटांच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक पडतो, आणि स्पीकरच्या वायरीवरची जाळी दोघांना जोडत असल्यानं वीज त्या जाळीतून चकरा मारत बसते. उपाय : दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणायचं. जमलं तर वायर साधी न वापरता बॅलन्स्ड वापरायची. तरीही आवाज हटला नाही तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. संपलं.

मामांना हे सोसलं नाही. एवढ्या मोठ्या आजाराला एवढंसं औषध? त्यांनी त्याच दुपारी बोर्ड बदलला, वायरी बदलल्या, टेबल फिरवलं आणि गोधड्यांची जागाही बदलली. आता घुंई यातल्या नक्की कशानं गेली ते कोणालाच सांगता येत नाही, आणि सांगता येत नसल्यामुळे कशालाही हात लावायची सोय राहिलेली नाही. टेबलावरची धूळ पुसायची नाही. कोपऱ्यातला नादुरुस्त टेबललॅम्प हलवायचा नाही, कोण जाणे तोच कारण असेल. देवघरातली माळ उलट्या पिनेनं लावली आहे, तशीच राहील. शांतता मिळाली तरी समाधान नाहीच. आता त्यांना कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येऊ लागला आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट येत नाही. या जमातीत कोणीतरी जाणकार कधी ना कधी भेटतोच, जो कानात सांगतो, “प्लगची तिसरी पिन काढून टाका, घुंई जाते.” जाते खरी. चकरा मारायची वाटच तुटते, मग जाणारच. पण ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब ठेवलेली असते ती प्लग बसताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा म्हणून. ती कापली आणि उद्या स्पीकरच्या आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर त्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. वायरीच्या जाळीतून ते माइकपर्यंत पोचू शकतात, आणि गाणाऱ्याचे ओठ माइकच्या जाळीला लागलेले असतात. असे अपघात जगात झालेले आहेत. घुंईनं मात्र आजवर कोणाचा जीव घेतलेला नाही.

तेव्हा असल्या एखाद्या घरी गेलात की यमन ऐका, टर्र ऐका, पोहे खा. पण निघण्यापूर्वी टेबलामागं वाकून प्लग बघा. तिसरी पिन कापलेली दिसली तर स्विच बंद करा आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तीन पिनांचा प्लग आणून वायरमनकडून बसवून घ्या. गृहस्थ रागावतील. रागावू द्या.