लॉटरीतली हुशारी

सांगलीच्या आमच्या घरात दोन शब्द उच्चारायला बंदी होती. मटका आणि लॉटरी. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली स्वतःचीच लॉटरी काढली, तेव्हा वडिलांनी सरकारशीही बोलणं टाकलं. मध्यमवर्गीयाची इस्टेट म्हणजे डोकं आणि घाम, तिसरं काही आलं की समजावं पाप आलं, हे त्यांचं मत. स्कॉलरशिपला मात्र घरात मोठा मान. चौथीच्या स्कॉलरशिपच्या यादीत छापून आलेलं माझं नाव आईने कातरून रामरक्षेच्या पुस्तकात ठेवलं होतं.

त्याच वडिलांचा नातू अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, शिष्यवृत्तीवर पदवीधर झाला. ती शिष्यवृत्ती पै न् पै लॉटरीच्या पैशांची. बातमी वर पोहोचली असेल तर तिथे अभिनंदनाचा ठराव अजून मंजूर झालेला नसणार.

जॉर्जिया हे मोठं देवभोळं राज्य. रविवारी सकाळी रस्ते ओस आणि चर्चचं पार्किंग फुल्ल. अशा राज्यात झेल मिलर नावाचे गृहस्थ लॉटरी काढायचं आश्वासन देऊन गव्हर्नर झाले. पैसा फक्त शिक्षणावर खर्चायचा, ही अट. चर्चवाल्यांनी कडाडून विरोध केला, तरी १९९२ च्या मतदानात लॉटरी जेमतेम बहुमताने पास झाली आणि १९९३ पासून तिच्या पैशांतून ‘होप’ नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. शाळेत तीनचा जीपीए ठेवा, सरकारी कॉलेजात फी सरकारची. जीपीए म्हणजे ए ला चार, बी ला तीन, सी ला दोन अशी सरासरी. पुढे लॉटरीचा पैसा पुरेना, तेव्हा २०११ मध्ये ‘होप’ला कात्री लागली. पूर्ण फी फक्त ‘झेल मिलर’ शिष्यवृत्तीवाल्यांना उरली. तिला जीपीए ३.७ आणि एसएटी परीक्षेत किमान १२०० हवेत.

आमच्या चिरंजिवांना ‘झेल’ मिळणार हे त्यांच्या नववीतच ठरलं होतं. आमचं ठरलं होतं, त्यांचं नव्हे. दहावीत ते शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम वाजवू लागले. शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना, शनिवारी बँडची स्पर्धा, रविवारी झोप. ड्रमवरचा हात बसत गेला आणि केमिस्ट्री बसली ती बसलीच. वर्षाअखेर केमिस्ट्रीत ७३. गणित, इंग्रजी आणि जागतिक इतिहास बी.

इथे सत्तर ते एकोणऐंशीला सी मिळतो. घरात सुतकी वातावरण. नेमका तेव्हाच सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल. आई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे मार्कांविषयी तिच्यापासून काही लपत नाही.

“किती पडले?”

“त्र्याहत्तर.”

“अरे वा! म्हणजे फर्स्ट क्लास की! डिस्टिंक्शन दोन मार्कांनी हुकलं. पेपर रीचेकिंगला टाका.”

नातवाने त्या दिवशी आजीला मानलं.

तिला समजवायचं कसं? आपल्याकडे घसरण्यासाठी खास सवलतीची वर्षं आहेत. नववीत कोणी काठावर पास झालं, तरी दहावीत बोर्ड जिंकलं की नववी कोण विचारतं? अकरावी तर मान्यताप्राप्त विश्रांतीचं वर्ष. बारावीचा पेपर चांगला गेला की मागचं सगळं माफ. अमेरिकेत तसं नाही. नववी ते बारावीतली प्रत्येक सहामाही ट्रान्सक्रिप्टवर कायमची कोरली जाते. एकदा आलेला सी कुठल्याही बोर्डाच्या परीक्षेने पुसता येत नाही. तिथे पाय घसरला तर पडल्याची नोंद होते, उठल्याचीही होते, पण दोन्ही शेजारी-शेजारी छापली जातात.

इथल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत सल्लागार भेटले. पहिल्याचं म्हणणं, पुढच्या वर्षी सोपे विषय घ्या आणि ए मिळवा. दुसऱ्याचं म्हणणं, एपी म्हणजे कॉलेजच्या तोडीचे विषय घ्या, नाहीतर कॉलेजं विचारत नाहीत. तिसऱ्याची मुलगी नुकतीच जॉर्जिया टेकला गेली होती. तो काही बोलला नाही, नुसताच मसालेभात वाढून घेत हसला. त्या हसण्याने मला जास्त त्रास झाला.

शेवटी वाट दाखवली ती चिरंजिवांनीच. ज्या मुलाने केमिस्ट्रीचं पुस्तक कधी शेवटपर्यंत वाचलं नाही, त्याने शिष्यवृत्तीचे नियम मात्र वकिलाच्या बारकाईने वाचले होते.

“बाबा, शाळेचा जीपीए राज्य सरकार मोजतच नाही. ते स्वतःचा काढतात.”

खरंच होतं. राज्याचा आयोग फक्त इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि परदेशी भाषा एवढेच विषय धरतो. बँडमधला ए बाद. वेट ट्रेनिंगचा ए बाद. म्हणजे दंडाला बेडकुळ्या आल्या, पण सरासरीला नाही. शाळा अवघड विषयांना जे वाढीव गुण देते तेही आयोग काढून टाकतो आणि स्वतःचा मापदंड लावतो. एपीत बी मिळाला तर अर्धा गुण जास्त, म्हणजे साडेतीन. ए मिळाला तर चारच, चाराच्या वर काही नाही. सगळंच सोपं घेऊनही भागत नाही, कारण ठरावीक चार अवघड विषय झालेच पाहिजेत.

त्या हिशेबाने नववी-दहावीचे मिळून ३.५५ झाले होते. गाठायचे ३.७. चिरंजिवांनी फ्रिजवर कागद चिकटवला. उरलेले विषय, प्रत्येकासमोर ए किंवा बी, खाली सरासरी. कुठल्या एपीत बी परवडेल आणि कुठे ए लागेलच, याचं असं काटेकोर अंदाजपत्रक मी माझ्या ऑफिसातही पाहिलेलं नाही. ड्रम सोडला नाही. अकरावीत एकच बी आला, तोही एपीत. बारावी स्वच्छ. आयोगाने जाहीर केलेला अंतिम आकडा ३.७३.

मधल्या काळात खासगी कॉलेजांची पत्रं येऊ लागली. एकाने वर्षाला वीस हजार डॉलरची ‘प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिप’ दिली. मी ते कौतुकाने आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीला कळलं की तिच्या नातवाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः शिष्यवृत्ती दिली. प्रेसिडेंट म्हणजे कॉलेजचा अध्यक्ष, हा खुलासा करीपर्यंत पेढे वाटून झाले होते. त्या कॉलेजचा छापील खर्च इतका होता की वीस हजार वजा जाऊनही सरकारी कॉलेजाच्या कितीतरी वर. अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. लक्ष्मी रोडवरच्या सेलमध्ये आधी किंमत चढवून मग खोडतात, तोच हा प्रकार, फक्त इथे खोडलेल्या आकड्याला गुणवत्ता म्हणतात. हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगवाले तर गुणवत्तेवर छदामही देत नाहीत. त्यांच्याकडे सगळेच हुशार, मग बक्षीस कोणाला द्यायचं? मदत मिळते ती घरची गरज बघून.

अखेर अटलांटातलं सरकारी विद्यापीठ ठरलं. शिक्षणाची फी ‘झेल’ने भरली. राहणं, जेवण, पुस्तकं आमच्याकडे. ‘झेल’ टिकवायला कॉलेजात ३.३ राखावे लागतात आणि तीस, साठ, नव्वद क्रेडिटला तपासणी होते. म्हणजे बापाच्या छातीतली धडधड पुढे चालू.

वाचलेल्या पैशांचं काय केलं? जॉर्जिया विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ‘होप’नंतर राज्यात मोटारींची खरेदी वाढली, असा एक निबंध लिहिला आहे. तो वाचताना कोणीतरी आपलं बँक पासबुक चाळतंय असं मला वाटलं. आम्हीही सेकंडहँड कोरोला घेतली होती.

त्या कोरोलात पेट्रोल भरायला गेलो की पैसे देण्याच्या रांगेत माझ्यापुढे बहुतेक तोच माणूस असतो. बुटांवर रंगाचे शिंतोडे, पाठीवर ठेकेदार कंपनीचं नाव. तो स्क्रॅचची तिकिटं घेतो, बर्फाच्या पेटीवर ठेवून नाण्याने खरवडतो, करडा भुगा फुंकून टाकतो, चिठ्ठी कचऱ्यात. चेहऱ्यावर काही नाही. एकदा मी चिरंजिवांना म्हटलं, याचे आभार मानावेत असं वाटतं.

“नको बाबा. थँक यू म्हणालात तर पैसे परत मागेल.”

पण हिशेब तोच आहे. सुरुवातीला ‘होप’ला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा होती, वर्षाला ६६ हजार डॉलर. दोन वर्षांत ती वाढवली आणि मग काढूनच टाकली. तेव्हापासून आमच्यासारख्या दोन पगारांच्या घरातली मुलंही त्या बुटवाल्याच्या तिकिटांवर शिकतात. त्याची स्वतःची मुलं तीनच्या जीपीएपर्यंत पोहोचतात की नाही, हे आमच्या पार्ट्यांत कोणी विचारत नाही.

शेवटचा विनोद सरकारने केला. चिरंजीव पदवी घेऊन बाहेर पडले त्याच वर्षी, २०२३ मध्ये, जॉर्जियाने ‘होप’लाही पूर्ण फी पुन्हा लागू केली. आता सरकारी कॉलेजात तीनवाल्याला आणि ३.७ वाल्याला सारखीच सूट. फ्रिजवरचा तो कागद, ती सगळी काटकसर, घसरलेल्या दहावीचं ते प्रायश्चित्त, हे सगळं ज्यासाठी केलं ते शेजाऱ्यांच्या धाकट्याला नुसत्या बी वर मिळतं. शेजारी मला सांगतात, तुमच्याकडूनच प्रेरणा घेतली.

तेव्हा मुलाचे मार्क घसरले म्हणून कपाळाला हात लावून बसलेल्या पालकांनो, आधी नियम वाचा. मुलगा वाचत असेल तर त्याच्याकडून समजून घ्या. घसरलेलं एक वर्ष चार वर्षांच्या सरासरीत मुरतं. आणि ‘आमच्याने शिष्यवृत्ती मेरिटवर मिळवली’ असं चारचौघांत सांगताना आवाज थोडा खाली ठेवा. मेरिट मुलाचं असेल, पण पैसे रांगेतल्या पुढच्या माणसाने भरले आहेत.