पिसं, ओठ आणि शेण

डायनासोरची नवी ‘शास्त्रशुद्ध’ प्रतिकृती जाहीर झाली की संग्राहकांची पंचायत बसते. तळवे जमिनीकडे का वळलेत? ते समोरासमोर हवेत! दात उघडे कसे? मांसाहारी डायनासोरांना ओठ असावेत, असं २०२३ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलंय. व्हेलोसिरॅप्टरच्या हाडावर पिसांच्या खुणा २००७ मध्येच सापडल्या, मग इथं पिसं एवढीच? वधूपरीक्षाही इतकी कडक नसते.

नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरकडच्या बाजारात मात्र हिरवा रबरी डायनासोर शेपूट टेकवून ताठ उभा. दाबला की चिं! त्याला शास्त्र कोण विचारतो? घासाघीस होते ती दहा रुपयांवर.

गंमत पुढेच आहे. जवळच्या सहस्रकुंडाला पैनगंगा ज्या काळ्या कातळावरून कोसळते, तो दख्खनचा लाव्हा. डायनासोर संपले त्याच सुमाराचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर त्यांचं शेणच दगड होऊन पडलंय. त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, हा जुना समज २००५ मध्ये मोडीत निघाला.

पिसं मोजणाऱ्यांनी एकदा पिसदुऱ्याजवळच्या वरोऱ्याला उतरून तो माल पाहून यावा. खिशात मात्र घालू नये.