वासण्यातले पांडव

बडोद्याच्या वासणा रोडवरच्या सोसायट्यांमध्ये फाटकाच्या दोन्ही बाजूंना सायकस असल्याशिवाय बंगल्याला बंगलेपण येत नाही. घराणं डायनोसॉरच्या काळातलं, रूप ताडाचं (ताडाशी नातं मात्र काडीचं नाही) आणि वाढ सरकारी फायलीच्या वेगानं. महिनोन्‌महिने काही हालचाल नसते. मग एके दिवशी गाभ्यातून नव्या पानांचा अख्खा झुपका वर येतो, पोपटी, लुसलुशीत. आपण कौतुकानं फोटो काढेपर्यंत पाहुणे जेवायला बसलेले असतात.

हे पाहुणे म्हणजे प्लेन्स क्यूपिडच्या अळ्या. फुलपाखरू अंगठ्याच्या पेराएवढं. नर उडताना जांभळट निळा. बसून पंख मिटले की राखाडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मागच्या पंखाला केसासारखी शेपटी आणि तिच्याशेजारी नारिंगी कडेचा काळा ठिपका. बसल्या बसल्या ते पंख एकमेकांवर घासत राहतं, शेपट्या मिशांसारख्या हलतात, आणि पालीला तेच डोकं वाटतं. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो.

१८२९ साली हॉर्सफील्ड या डॉक्टरनं याला शास्त्रीय नाव दिलं ते थेट महाभारतातलं, ‘पांडव’. अळ्यांची भूक पाहता त्याच्या डोळ्यांसमोर एकटा भीमच असावा. अर्थात त्यांनाही घाई असते. पान निबर झालं की ते चावत नाही. शिवाय भोवती मुंग्यांचा पहारा. अळीच्या पाठीवर गोड थेंब येतो, तो चाटायचा आणि राखण करायची, असा रोखीचा व्यवहार. बडोद्याला शोभणारा.

“बेन, जीवात पडी छे, दवा छांटी दउं?” माळीकाका दर वेळी विचारतात, मी दर वेळी नको म्हणते. महाराष्ट्रानं २०१५ साली निलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळ्या लिंबाची पानं फस्त करतात, हा मुद्दा तेव्हा कुणी काढला नसावा. मग आमच्या पांडवांनी काय घोडं मारलंय? झुपक्याच्या काड्या झाल्या, तरी झाड मरत नाही. शोभा जाते, आणि ती तशीही पाहुण्यांसाठीच होती.

शेजारी औषध मारतात. त्यांचे सायकस सरदारांच्या तुऱ्यांसारखे डौलात उभे असतात. परवा भिंतीवरून वाकून म्हणाले, “बेन, तमारे त्यां पतंगियां बहु आवे छे. कयुं खातर नाखो छो?”