लोणारचे विवर बुजवण्याची सोपी रीत

लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. उल्का बेसाल्टवर आदळून झालेला हा खड्डा हजारो वर्षांत ना वाऱ्याने बुजला, ना पावसाने. ही दिरंगाई नकाशाच्या सॉफ्टवेअरने संपवली आहे.

आधी जागा शोधावी लागते. पायथन स्क्रिप्टमध्ये अक्षांश 19.98 आणि रेखांश 76.51 यांची अदलाबदल झाली, की लोणार थेट स्वालबार्डजवळच्या समुद्रात पडते. मग बुजवायचे काही उरतच नाही. क्रम सुधारला, पण उंचीच्या चौकोनांचे जाळे म्हणजे रास्टर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली, तर उतार नव्वद अंशांना टेकतो आणि मेहकरची एसटी भिंत चढू लागते. माहिती नसलेल्या चौकोनांतला -32768 हा आकडा खरी उंची धरला, तर उल्केलाही न जमलेली 32 किलोमीटरची खोली फुकट पदरात पडते.

खरे कौतुक ‘फिल सिंक्स’चे. पाण्याचा प्रवाह काढण्यापूर्वी प्रत्येक बंद खोलगट भाग ही मोजणीतली चूक समजावी आणि काठाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत भरून टाकावी, असा हा रास्त नियम. लोणारच्या तळ्यातून पाणी बाहेर वाहत नाही, म्हणजे चूक सिद्धच झाली. एका आज्ञेत कमळजा देवीचे मंदिर, काठचे जंगल आणि खारे पाणी सपाट होते. 2020 साली रामसर यादीत गेलेल्या पाणथळ जागी आता बिगरशेतीला लायक मैदान दिसते.

स्क्रिप्ट एकही एरर न दाखवता पूर्ण होते.