तीन, सहा, नऊ

गणपतीच्या बैठकीत जो गप्प बसतो त्याच्या हातात पावतीपुस्तक येतं, हे कोल्हापुरात जन्मलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून त्या वर्षी मी बोललो. पोरांना मूर्तीमागं सह्याद्रीचा डोंगर उभा करायचा होता. डोंगराला कापड, कापडाला लोखंडी सांगाडा आणि सांगाडा म्हणजे त्रिकोण. मी दहावीच्या भूमितीच्या शिकवण्या घेतो. तालमीतल्या निम्म्या पोरांना मी कोनदुभाजक काढायला शिकवलंय, उरलेल्यांना शिकवायचा प्रयत्न केलाय. त्यामुळं सगळ्या माना माझ्याकडं वळल्या, आणि माना वळल्या की माझा आवाज चढतो.

"दोन्ही बाजू सारख्या करायच्या नाहीत," मी म्हणालो. "तो तंबू दिसतो. सह्याद्री कसा आहे? कोकणाकडं तुटलेला कडा, देशाकडं लांबलचक उतार. तेव्हा पाया ९ फूट, कोकणची बाजू ३ फूट, देशाची ६. तीन, सहा, नऊ. पाढाच आहे, वेल्डरच्या डोक्याला ताप नाही."

"सर, उंची किती येईल?"

"बाजू ठरल्या की उंची आपोआप येते."

"कागदावर एकदा काढून बघूया का?" मागून कुणीतरी चाचरत विचारलं. मी नुसतं हसलो. नववीच्या पोरांना कच्ची आकृती काढल्याशिवाय गणिताला हात लावू देत नाही मी, पण ते नववीच्या पोरांना.

दुसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरात गेलो. जिथं इंजिनाचे सुटे भाग केसाएवढ्या फरकावरून नाकारले जातात, त्या वस्तीत मी तोंडी मापं घेऊन शिरलो, हे आत्ता लिहिताना जरा धाडसाचं वाटतंय.

"अँगल कितीचा?" मिस्त्रींनी विचारलं.

"तो सांगावा लागत नाही," मी खूश होऊन म्हणालो. "तीन बाजू दिल्या की तिन्ही कोन ठरतात."

"तसं न्हवं मास्तर. दीड इंची का दोन इंची?"

दीड इंची ठरला. चहा येईपर्यंत मी त्यांना त्रिकोणाचं माहात्म्य सांगितलं. चार पट्ट्यांची चौकट खिळ्यांवर डुलते, कलते, तिचे कोन बदलतात. तीन पट्ट्यांची डुलत नाही, कारण लांबी न बदलता कोन बदलायला तिच्याकडं जागाच नसते. म्हणून पत्र्याच्या छपराखाली कैची घालतात, म्हणून लोखंडी पुलांच्या अंगावर तिरकस दांडे दिसतात. मिस्त्रींनी आयुष्यात काही शे कैच्या तरी जोडल्या असतील. त्यांनी शांतपणे चहा प्यायला.

संध्याकाळी निरोप आला : सरांना घेऊन या.

जमिनीवर नऊ फुटांचा अँगल पडला होता. त्याच्या एका टोकाला तीन फुटी तुकडा, दुसऱ्या टोकाला सहा फुटी. दोन्ही तुकड्यांची टोकं एकमेकांना भिडत होती, पण नऊ फुटीच्या अंगावर पालथं पडूनच. जरा उचलले की हात सुटायचा.

"मास्तर, डोंगूर निजलाय की."

मी तुकड्यांची अदलाबदल केली. मग पालथे केले. एका पोरानं मोबाईल काढला. मी सांगून पाहिलं की तात्त्विकदृष्ट्या हा त्रिकोणच आहे, कोन ०, ० आणि १८०, बेरीज बरोबर १८० भरते. कुणाला पटलं नाही.

त्रिकोणाच्या कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं विसावं विधान. एपिक्युरसच्या चेल्यांनी त्याची टिंगल केली होती. गवत समोर असलं की गाढवसुद्धा दोन बाजूंचा वळसा न घेता नाकासमोर चालतं. मग गाढवाला ठाऊक असलेलं सिद्ध कशाला करायचं? पाचव्या शतकातल्या प्रोक्लसनं याला उत्तर दिलं की जाणवणं निराळं आणि कारण सांगता येणं निराळं. माझी पंचाईत अशी की मला कारण फळ्यावर सांगता येत होतं, जाणवत मात्र नव्हतं. म्हणजे गाढव आणि मी मिळून एक पुरा माणूस झालो असतो.

घरी येऊन समाधानासाठी 'लीलावती' उघडली. इ. स. ११५० मधलं पुस्तक, त्यात तरी कुणी मला ओळखत नसेल असं वाटलं. भास्कराचार्यांनी तिथं जुळूच न शकणाऱ्या आकृत्यांची उदाहरणं दिली आहेत. एक चौकोन, बाजू २, ६, ३ आणि १२. आणि एक त्रिकोण. बाजू ३, ६ आणि ९. इतकंच नाही, असलं क्षेत्र पुढं ठेवणाऱ्याला त्यांनी सरळ उद्धट ठरवलंय, आणि त्याला पटवायचा उपायही सांगितलाय : त्या त्या लांबीच्या सरळ काड्या जागेवर मांडून दाखवा. उद्यमनगरात दीड इंची काड्या मांडून झालेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "लहान तुकडा इंचभर वाढवू?" इंचानं काय होतंय, असा चेहरा मी केला. ३ फूट १ इंचाचा तुकडा लावला आणि शिखर ७ इंच वर आलं. मी घाईघाईनं गणित मांडलं, खरंच सात. आडव्या पडलेल्या त्रिकोणात बाजू किंचित वाढली तरी उंची उडी मारते. अर्धा फूट वाढवली तर साडेसतरा इंच. पण तेवढा डोंगर मूर्तीमागून डोकावणारही नव्हता, आणि कडा तर कुठंच नव्हता. होणारही नव्हता. सगळ्यांत मोठ्या बाजूसमोर सगळ्यांत मोठा कोन येतो. मी पायाच सगळ्यांत मोठा धरला होता, म्हणजे रुंद कोन शिखराशी. कडा हवा तर मोठा कोन पायथ्याशी पाहिजे आणि सगळ्यांत लांब बाजू देशावरच्या उताराची.

हे सगळं मी समजावून सांगत असताना मिस्त्रींनी नऊ फुटीच्या टोकाला गुण्या लावला, सात फुटी अँगल काटकोनात उभा केला आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये टेप ताणला. मी मोबाईलवर १३० चं वर्गमूळ काढत होतो. ११.४ असं उत्तर येईपर्यंत खडूची खूण ११ फूट ५ इंचांवर पडलेली होती.

"बरोबर आहे," मी त्यांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले.

डोंगर झकास झाला. पहिल्या दिवशी देणगीदारांचा फलक लागला. मूर्ती, मंडप, प्रसाद, विद्युत रोषणाई अशा नावांखाली पोरांनी सुबक अक्षरांत लिहिलं होतं : सरळ लोखंड, १८ फूट – सरांतर्फे.