दहापैकी किती?

गावाने आपल्याच योजनेला गुण द्यायचे तर फारसं सामान लागत नाही. देवळापुढची सावली, दोन-चार रंगांची रांगोळी आणि ओंजळभर चिंचोके एवढ्यावर भागतं. रांगोळीने जमिनीवर गाव काढायचं, वेस, आड, शाळा, पाण्याची टाकी. आणि एकेका कामापुढे वाटतील तेवढे चिंचोके ठेवायचे. जमिनीवर नकाशे काढायची ही चाल ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांच्या लिखाणातून जगभर गेली. दहापैकी गुण देण्याची पद्धत अमेरिकेतल्या डेव्हिड फेटरमन यांच्याकडची. ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्यांनीच तो तपासावा, तज्ज्ञाने नुसतं शेजारी बसावं, असं त्यांनी १९९३ साली तिकडच्या मूल्यमापकांच्या संघटनेपुढे मांडलं. विचार देखणा आहे. फक्त फेटरमनसाहेबांनी आमच्या आष्टी तालुक्यातलं आदरातिथ्य पाहिलं असेलसं वाटत नाही.

कड्याला नगर-बीड रस्त्यावर पाहुणा उतरला, की आधी पाण्याचा तांब्या येतो, मग चहा, आणि चहात साखर इतकी की नाही म्हणायची ताकदच उरू नये. त्यानंतर गुण मागितले तर दहाच मिळणार. नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी टाकीपुढे दहा चिंचोके पडतात. प्रश्नावली घेऊन आलेली मुलगी नव्या नोकरीतली असते, उन्हाने लाल झालेली. 'कमी दिले तर लेकराच्या नौकरीचं काही होईल का गं?' असं एखादी आजी शेजारणीच्या कानात विचारते आणि एक चिंचोका वाढवते. तपासणी टाकीची चाललेली असते आणि गावाला काळजी तपासणाऱ्या पोरीची. गाडी रस्त्याला लागली, की तीच आजी टाकीपुढचे सात चिंचोके उचलून पदराच्या टोकाला बांधते. तीन उरतात. खरा अहवाल तो. पण तो घ्यायला तेव्हा कोणी थांबलेलं नसतं.

सक्षमीकरणाच्या प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास असतो: घरातले निर्णय कोण घेतं? पती, पत्नी, दोघे मिळून, इतर. या भागातली बाई जराही न अडखळता सांगते, 'औंदा तर उचलीनंच घेतला.' मुकादमाकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले, की दसरा-दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड साखर कारखान्याच्या वाटेला लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, पाटीखाली झाकलेली कोंबडी, आणि या सगळ्यावर कुणाचं तरी दप्तर. ती बाई हे सगळं सांगते आणि मुलगी निमूटपणे 'इतर'वर खूण करते. दुसरं काय करणार बिचारी? उचलीसाठी कागदावर चौकोनच नव्हता. चौकोन कुणी आखले, हे मात्र चिंचोके मांडताना कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळा स्वयंनिर्णय तिथेच अडतो.

चौकोनांशिवायची तपासणी पाहायला मात्र लांब जायला नको. आष्टीच्या शेजारचाच तालुका जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविका केलं. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, कुणाचं बाळंतपण कसं झालं, कुणाचं मूल खंगलंय, ते सांगायच्या आणि पुढे काय करायचं ते मिळून ठरवायच्या. त्याला मूल्यमापन म्हणावं, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसेल. जग तिथे शिकायला आलं, १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्यातली एक साधी गोष्ट मोठी वाटते. प्रश्न विचारणारं माणूस पुढच्या आठवड्यातही तिथेच असायचं. अशा माणसाला खोटे दहा गुण देता येत नाहीत. उद्या तोंड दाखवायचं असतं.

आमच्याकडचे अभ्यास बहुधा मार्चच्या तोंडावर येतात. निधी एकतीस मार्चच्या आत खर्ची पडायचा असतो. तेव्हा फडात तोड चालू असते आणि गावात म्हातारीकोतारी आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. मग सहभाग त्यांचाच होतो. आजोबांना रांगोळीतला रस्ता दिसत नाही, आणि नातू रोजगार हमीपुढचे चार चिंचोके उचलून खेळायला पळतो. अहवालात रोजगार हमीला सहा गुण पडतात, आणि 'समाधानकारक' असा शेरा. २००५च्या कायद्याने त्या कामांचं सामाजिक अंकेक्षण करायचा अधिकार ग्रामसभेला दिला खरा, पण ज्यांची नावं मस्टरवर असायची त्यातली निम्मी माणसं त्या घडीला पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असतात.

तेव्हा कुणाला इकडे येऊन आम्हाला आमच्याबद्दल विचारायचं असेल, तर एवढं करा: गुढीपाडवा होऊ द्या, कारखान्यांचे पट्टे पडू द्या, म्हणजे गाळप थांबू द्या, माणसं घरी येऊ द्या. आणि येताना प्रश्नावलीची दोन-चार पानं कोरी आणा.