अडीच सुती टेस्ला

निकोला टेस्लाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती हे कळलं, त्या दिवसापासून माझं त्याच्याशी जमलं. ग्राट्‌सच्या कॉलेजात तो गेला, आधी चमकला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. मी १९८३ साली तीन मार्कांनी इंजिनिअरिंगला मुकलो, बी.कॉम. झालो आणि ३२ वर्षं बँकेत लोकांच्या सह्या पडताळल्या. एवढं साम्य मला पुरे होतं. त्यानं विजेचं जग बदललं वगैरे तपशील झाला.

मग त्याचं टर्बाइन घरी करून बघायचं मी ठरवलं. त्या टर्बाइनला १९१३ मध्ये पेटंट मिळालं. या टर्बाइनला पातीच नाहीत. एका दांड्यावर गुळगुळीत चकत्या, त्यांच्यात केसाएवढी फट. कडेनं जोराची हवा किंवा वाफ आत सोडायची. ती चकत्यांना चिकटत, त्यांना ओढत, गोल गोल फिरत मधोमध येते आणि तिथल्या भोकांतून निघून जाते. दोन ओल्या ताटल्या एकीवर एक ठेवल्या की सुट्या होता होत नाहीत, काहीसा तसाच हा चिकटपणा. मी बायकोला ताटल्या घेऊनच समजावलं. "अहो, पुसून ठेवा त्या," एवढंच ती म्हणाली.

मिलवॉकीच्या एका कारखान्यात टेस्लाच्या चकत्या चाचणीत वाकल्या होत्या. माझ्या वाकणार नाहीत याची मला खात्री होती, कारण त्या सीडी होत्या. घरात सीडींना तोटा नाही. भक्तिगीतं, एका भाच्याची मुंज, चार वेगवेगळ्या वर्षांचे अँटिव्हायरस. नऊ निवडल्या. मुलानं २०१७ साली आठवडाभर बोटावर गरगर फिरवून टाकून दिलेले दोन स्पिनर होते, त्यांतली बेअरिंगं काढली. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर काढली. ती बाहेरून फिरवली की उलट वीज देते. दांड्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि ऐटीत म्हणालो, "आठ मिलिमीटरचा बोल्ट."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलंही नाही. आत ओरडला, "अडीच सुती काढ रे एक!" एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे आठ मिलिमीटरला केसभर कमी. बोल्ट बेअरिंगमध्ये असा सरकला की मला दुकानदाराच्या पाया पडावंसं वाटलं. मग मी अर्ध्या मिलिमीटरचे वायसर मागितले. तेव्हा मात्र त्यानं बघितलं. "एवढं पातळ कशाला? घड्याळजी आहात का?" शेवटी वायसर कापले ते लग्नपत्रिकांचे. आमच्याकडे आलेली सगळ्यात जाड पत्रिका एका बिल्डरच्या मुलाची होती. जाडी बरोब्बर बसली.

राहिला बाहेरचा डबा. सीडी १२० मिलिमीटरची. ती आत मोकळी फिरेल पण हवा बाजूनं निसटणार नाही, असा डबा हवा. माळ्यावर चढलो आणि तिथं दुपारचे दोन तास गेले, कारण मी भांड्यांवरची नावं वाचत बसलो.

भांड्यावर नाव घालणं हा आपला खास सोस. मांडवात कोणाचं पातेलं कोणाकडे गेलं हे कळावं म्हणून सुरू झालं असेल, पण पुढे त्याचं वाङ्मय झालं. तांब्यावर 'यांजकडून सप्रेम भेट'. परातीवर 'कै.' आणि 'स्मरणार्थ'. म्हणजे गेलेला माणूस कणकेखाली रोज सकाळी गाडला जातो आणि भांडी घासताना पुन्हा वर येतो. एका पेल्यावर तर अख्ख्या हाउसिंग सोसायटीचं नाव, सचिवांसकट. पूर्वी छिन्नीनं एकेक ठिपका ठोकून अक्षर काढत. दुकानाबाहेर उभं राहून ती टकटक ऐकायला मला फार आवडे. ठोकणाऱ्याला शुद्धलेखनाचं भय नसे. आमच्या एका कळशीवर 'पुज्य' असं आहे, आणि ऱ्हस्वामुळे त्या पूज्य काकांची उंची घटलीय असं मला लहानपणापासून वाटतं. नंतर विजेचं यंत्र आलं, अक्षरं गुळगुळीत झाली आणि मजा गेली. आता तर नाव घालून घ्यायला कोणी थांबतच नाही. भांडं उसनं द्यावं असे शेजारीच राहिले नाहीत.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि मला बरं वाटलं नाही. त्या माळ्यावरच्या प्रत्येक भांड्यात साठ वर्षं रांधलं आईनं, आणि नाव जवळजवळ प्रत्येकावर वडिलांचं. वडिलांना चहासुद्धा करता येत नसे.

तिच्या नावाचा एकच निघाला. पितळी डबा, झाकणाचा, बाजूला ठिपक्यांची ओळ: 'कु.', मग माहेरचं नाव, मग 'गणित, प्रथम क्रमांक, १९५५'. मी हे वाचलं. आणि मग काय केलं असेल? आत सीडी घालून बघितली. चपखल बसली.

अशा वेळी टेस्ला काय करता, असा विचार करून मी ड्रिल लावलं. हवेचं भोक तिरकं पाडायचं होतं, ड्रिल घसरलं, आणि थांबवलं तेव्हा 'कु.' नाहीसं झालं होतं.

व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या तोंडाला लावून भोकात खुपसली. घर दणाणलं. चकत्या एक वेढा फिरल्या आणि जागच्या जागी थरथरत राहिल्या. आवाजानं आई उठून आली. वय ८३, हातात काठी. मी डब्यासमोर उभा राहिलो, पण तिनं बघितलंच.

"आई, चुकून झालं. तुझ्या नावातलं 'कु.' गेलं."

"ते लग्नातच गेलं," आई म्हणाली. "फिरलं का ते सांग."

फिरलं नव्हतं. मी तिला बाउंडरी लेयर सांगू लागलो. तिनं चष्मा लावला, आत वाकून बघितलं आणि काठीनं सीडीच्या मध्याकडे बोट केल्यासारखं केलं. "इथं काय लिंपलंयस?"

"एम-सील. सीडीचं भोक १५ मिलिमीटरचं, बोल्ट आठचा. मग फट राहते."

"मग बाहेर कुठून जायचं तिनं?"

"कोणी?"

"हवेनं. आत शिरायला वाट ठेवलीस, निघायला नाही. तिथंच घुसमटून बसलीय."

एका शतकापूर्वी पेटंटात छापलेली वाट मी दोन रुपयांच्या लिंपणानं बुजवली होती. आई सातवीत गणितात पहिली आली आणि मॅट्रिकनंतर तिचं लग्न झालं. तिला तीन मार्क कमी पडले नव्हते. तिला कोणी बसूच दिलं नव्हतं. माझं हुकलेलं इंजिनिअरिंग मी चाळीस वर्षं सगळ्या नातेवाइकांना ऐकवतोय, बहुधा तिनं केलेला चहा पीत.

दोन दिवस लागले. प्रत्येक सीडीला मधल्या पारदर्शक भागात तीन भोकं, वायसर बारीक, डब्याच्या बुडालाही हवा जायला वाट. तिसऱ्या दिवशी नळी लावली आणि चकत्यांनी आधी गुणगुण, मग शिट्टी, मग असा सूर धरला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकू लागलं. टेपरेकॉर्डरच्या मोटरला जोडलेला लाल एलईडी लागला. आईनं खोलीतला दिवा मालवायला सांगितला. त्या अंधारात, त्या गोंगाटात, तो एवढासा लाल ठिपका.

क्लीनर बंद केल्यावर तिनं विचारलं, "हा दिवा किती वॅटचा?"

"दोन व्होल्ट, वीस मिलीअँपिअर. म्हणजे…" मी मोबाइल शोधू लागलो.

"शून्य पूर्णांक चार शतांश. आणि ते धूड?"

"हजार वॅट."

तिनं क्षणभर डोळे मिटले. "पंचवीस हजार द्यायचे आणि एक रुपया परत घ्यायचा. बँकेत होतास ना रे?"

मी काहीच बोललो नाही. तिनं डबा जवळ ओढला, 'कु.'च्या जागच्या भोकावरून अंगठा फिरवला, खुर्ची पुढे सरकवून घेतली.

"परत लाव बघू," म्हणाली.